साडेचार सूत

अठरा हजारांत आली.
म्हणजे आणली, टेम्पोमागे दोर बांधून
अक्कलकोट रोडच्या शेडमधून.
स्टिअरिंगवर मी.
ब्रेक नाहीत, हे टेम्पो थांबल्यावर कळलं.

आठशे. सत्त्याण्णवची. रंग एकेकाळी पांढरा.
मागच्या सीटखाली उंदराने घर केलेलं,
टॉवेलच्या चिंध्यांचं.
चांगलं होतं घर.
राजव्वा कट्ट्यावरून म्हणाली,
"एवढ्यात कानातलं आलं असतं की गं."
आलं असतं.

मला काहीच येत नव्हतं.
पहिल्या रविवारी इंजिनाचं ऑइल काढलं,
ते निघालं गिअरबॉक्सचं.
मग वरून तीन लिटर नवं ओतलं
भरलेल्याच इंजिनात.
मौलालीने डिपस्टिक उजेडात धरली, बघत राहिला.
"पाणी पाचव्या दिवशी येतंय
म्हणून हे बी काठोकाठ भरून ठेवलीस का?"

पाने नायनांच्या पेटीतले, मागाचे.
त्यांचा हिशोब सुतात:
तीन सूत, चार सूत, पाच सूत.
गाडी मिलिमीटरची.
चार सुताचा पाना बाराच्या नटावर नुसता फिरतो,
नटाचे कोपरे खातो
आणि माझ्या बोटांची सालं आत कुठेतरी राहतात.
एकटा साडेचार सुताचा
चौदाच्या नटाला गच्च बसतो,
जणू त्याच्यासाठीच घडवलाय.
हे सांगायला नायनांकडे पळत गेले.
ते म्हणाले, "अं?"

चाळीस वर्षं मागांच्या मधोमध उभा राहिलेला माणूस.
आमच्या घरात सगळंच ओरडून बोलतात,
लग्नाचं, उसनवारीचं,
डॉक्टरने काय सांगितलं तेसुद्धा.
माग गेले तेव्हा किलोवर गेले.
काट्यापाशी नायना शेवटपर्यंत थांबले,
पावतीची घडी खिशात घातली,
पेटी मात्र दिली नाही.

एप्रिलात सकाळी दहानंतर पत्र्याला हात लावता येत नाही.
म्हणून पाच ते आठ, मग पॅकिंगची शिफ्ट.
कार्बोरेटर उघडला पेपरावर,
जेट घासले जुन्या ब्रशने,
सगळं ओळीने मांडलं, नंबर टाकले.
वारा आला.
शेवटी एक स्प्रिंग उरली.
अजून आहे, मसाल्याच्या डब्यात.
कुठली, ते मौलालीही सांगत नाही.

राजव्वा रोज विचारते, "जुळलं का सूत?"
पूर्वी हेच ती स्थळांबद्दल विचारायची.

आणि मेच्या शेवटी एका पहाटे ती सुरू झाली.
नीट नाही. खोकत, थरथरत,
काळा धूर आख्ख्या बोळात.
कुत्रं उठून गेलं.
"कार्बोरेटर," मौलाली म्हणाला,
"परत उघड."

नायना चहाचा कप घेऊन बाहेर आले.
कप टपावर ठेवला,
बॉनेटवर तळवा टेकवला, सपाट,
डोळे मिटले.
मागाच्या चौकटीला असाच हात लावायचे ते,
कुठला धोटा अडखळतोय ते बघायला.
"तीन आहेत ना आत?"
ओरडून, नेहमीसारखं.
"मधला बंद आहे."

मौलाली हसला.
मी मधल्या प्लगची वायर उपसली.
आवाजात काडीचा फरक नाही.
हसू थांबलं.

प्लग एकशे तीस रुपयांचा.

रविवारी त्यांना पुढे बसवलं.
डावी काच वर होत नाही, दुसरा गिअर रडतो,
पट्टा नायनांनी हातातच धरून ठेवला.
सात रस्त्याला सिग्नल लागला.
ते काहीतरी बोलले,
बोनेटकडे बघत, पहिल्यांदाच हळू आवाजात.
इंजिन, उघडी काच, शेजारी सिटी बस.
मी म्हणाले, "अं?"
त्यांनी पुन्हा सांगायला तोंड उघडलं
आणि मागचा रिक्षावाला
हॉर्नवर हात ठेवून बसला.